ज्यूंनी गनिमी कावा का केला नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "दुसऱ्या महायुद्धात पोलंड, लिथुआनिया, बेलारूसमध्ये लाखो ज्यू होते आणि जर्मन पहारेकरी त्या मानाने मूठभर. मग ते नाझींच्या हातून मरायला मुकाट्याने का गेले? समोरासमोर नाही, तर निदान गनिमी काव्याने तरी लढता आलं नसतं का?"

युरोपचा आधुनिक इतिहास शिकवताना हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. पण प्रश्नाच्या पोटात दोन गोष्टी धरून चाललेल्या असतात: पुढे काय होणार हे त्या लोकांना ठाऊक होतं, आणि लढणारा माणूस सडाफटिंग होता. दोन्ही चूक. लढलेच नाहीत हेही खरं नाही. पूर्व युरोपातल्या सुमारे १०० घेट्टोंमध्ये (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमध्ये) भूमिगत संघटना होत्या, २० ते ३० हजार ज्यू जंगलात जाऊन पार्टिझान, म्हणजे छापामार, म्हणून लढले, आणि ट्रेब्लिंका, सोबिबोर, ऑश्विट्झ या मृत्यूछावण्यांमध्येसुद्धा उठाव झाले. खरा पेच असा की लढणं आणि लोकांचे जीव वाचवणं ही दोन निराळी कामं होती, आणि बहुतेक ठिकाणी एक करायला गेलं की दुसरं बुडायचं.

गनिमी काव्याचं आधी बघू, कारण आपल्याला ते चटकन सुचतं. मावळातला माणूस छापा घालून डोंगरात गडप होऊ शकायचा, कारण खालच्या गावातला गुराखीही त्याचाच होता. खबर तोच द्यायचा, भाकरीही तोच. वॉर्सा किंवा लुब्लिनच्या घेट्टोतून निसटलेल्या पोराला यातलं काही नव्हतं. ऑक्टोबर १९४१ पासून जर्मनव्याप्त मध्य पोलंडमध्ये घेट्टोबाहेर सापडलेल्या ज्यूला देहदंड होता आणि त्याला थारा देणाऱ्यालाही. मदत करणारे होते, पण लपलेल्यांना हेरून त्यांच्याकडून पैसे उकळणारेही होते. त्यांना 'श्मालत्सोव्हनिक' म्हणत. त्यातून कित्येकांची पोलिश यिद्दीश (तिथल्या ज्यूंची घरातली भाषा) वळणाची, तोंड उघडलं की ओळख पटायची. पुरुषांची सुंता झालेली, म्हणजे पँट उतरवायला लावली की खेळ खलास.

आणि तरुण, तयारीचं, शिस्तीतलं असून भागत होतं असंही नाही. जर्मनांनी पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास भुकेने, थंडीने, गोळ्यांनी मेले. ते शिकवून तयार केलेले सैनिक होते, बायकापोरं सोबत नव्हती. ते मुकाट्याने का मेले, असं मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेलं नाही.

आता 'ठाऊक होतं' या गोष्टीकडे येऊ. त्यासाठी मी नेहमी व्हिल्नाचं (आजचं व्हिल्नियस) उदाहरण घेतो, कारण तिथे सगळं सहा महिन्यांत घडलं. जर्मन फौजा २४ जून १९४१ ला शहरात शिरल्या. तेव्हा तिथे जवळपास ६० हजार ज्यू होते. शहरापासून दहाएक किलोमीटरवर पोनारीच्या जंगलात सोव्हिएत सैन्याने इंधनाच्या टाक्यांसाठी मोठाले खड्डे खणून ठेवले होते. टाक्या कधी आल्याच नाहीत. त्या तयार खड्ड्यांच्या काठावर माणसं उभी करून जर्मन हुकमतीखालच्या लिथुआनियन पथकाने गोळ्या घालायला सुरुवात केली. वर्ष संपेपर्यंत घेट्टोत जेमतेम २० हजार उरले.

उन्हाळा संपता संपता काही जखमी बायका प्रेतांच्या ढिगाखालून सरपटत निघून घेट्टोत परत आल्या. इस्पितळात त्यांच्यावर उपचार झाले. काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं, आणि बहुतेकांचा विश्वास बसला नाही. बसला त्यांनी अर्थ असा लावला की हे इथल्या एखाद्या माथेफिरू अधिकाऱ्याचं काम असणार, किंवा कम्युनिस्टांवरचा सूड असणार. यात मूर्खपणा नव्हता. कामाला लागणारी माणसं, शिंपी, चांभार, यंत्रकामगार, मारून युद्ध लढणाऱ्या देशाला काय मिळणार? हिशेबी माणसाला ते पटणारच नव्हतं.

१९४१ सालच्या शेवटच्या रात्री घेट्टोतल्या एका खोलीत तरुण जमले. अब्बा कोव्हनर नावाच्या २३ वर्षांच्या कवीने लिहिलेलं पत्रक तिथे वाचलं गेलं. हिटलरला युरोपातले सगळे ज्यू संपवायचे आहेत, आपण कत्तलीला नेलेल्या मेंढरांसारखे जायचं नाही, असा त्याचा आशय. हातात एकही कागदी पुरावा नव्हता. पोनारीवरून काढलेला तो तर्क होता. ज्यूंच्या संहाराची आखणी झाली ती बर्लिनच्या वानझे भागातली कुप्रसिद्ध बैठक त्यानंतर तीन आठवड्यांनी, २० जानेवारी १९४२ ला झाली, आणि दुसऱ्याच दिवशी व्हिल्नाच्या घेट्टोत एफपीओ ही लढाऊ संघटना उभी राहिली. दोन्हींचा एकमेकांशी अर्थातच काही संबंध नव्हता. मेंढरांची जी उपमा आज लोक टोमणा म्हणून मारतात, ती मुळात लढायला उठवण्यासाठी त्यांच्यातल्याच एकाने वापरली होती, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ओलीस ठेवण्याचा प्रकार समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वॉर्सामध्ये नोव्हेंबर १९३९ मध्ये नालेव्हकी रस्त्यावरच्या ९ नंबरच्या इमारतीत एका रहिवाशाच्या हातून एक पोलिश पोलीस मारला गेला. जर्मनांनी त्या इमारतीतले ५३ पुरुष उचलले आणि मारून टाकले. घेट्टो तेव्हा झालाही नव्हता. त्या एका घटनेने शहरभर जो धडा पोचायचा तो पोचला: तू पिस्तूल उचललंस तर मरणार तुझा शेजारी, तुझा बाप, वरच्या मजल्यावरचा तुला न ओळखणारा शिक्षक.

व्हिल्नात हाच पेच जुलै १९४३ मध्ये टोकाला गेला. एफपीओचा सेनापती यित्झॅक विटेनबर्ग हा कम्युनिस्ट होता. शहरातला एक भूमिगत कार्यकर्ता पकडला गेला, त्याच्याकडून गेस्टापोला (नाझींच्या गुप्त पोलिसांना) विटेनबर्गचं नाव कळलं. घेट्टोचा कारभार जर्मनांनी नेमलेल्या याकोब गेन्स या ज्यू अधिकाऱ्याकडे होता. त्याने रात्री संघटनेच्या नेत्यांना बोलावून घेतलं आणि विटेनबर्गला ताब्यात दिलं. वाटेतच साथीदारांनी त्याला सोडवून लपवलं. मग गेन्सने लोकांना सांगितलं की हा एक माणूस मिळाला नाही तर जर्मन अख्खा घेट्टो उद्ध्वस्त करतील.

पुढचे काही तास मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत अवघड वाटतात. लोक रस्त्यावर आले, पण जर्मनांविरुद्ध नाही. आपल्याच पोरांवर त्यांनी दगड मारले. एका माणसासाठी २० हजारांचा जीव? एफपीओकडे हत्यारं होती, पण ती चालवायची तर आधी आपल्याच आयाबापांवर. सेनापतीने जावं असं अखेर त्याच्याच साथीदारांचं मत पडलं. १६ जुलैला विटेनबर्गने आपलं पिस्तूल कोव्हनरच्या हाती दिलं, त्याला सेनापती नेमलं आणि चालत घेट्टोच्या फाटकाशी गेला. तो गेस्टापोच्या कोठडीतच मेला; विष घेतलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. घेट्टो त्यानंतर जेमतेम दहा आठवडे टिकला. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला जर्मन माणसं न्यायला आले तेव्हा एफपीओने लढायची हाक दिली, लोक आले नाहीत. एस्टोनियात मजुरीला नेताहेत, म्हणजे जगण्याची शक्यता आहे, असा लोकांचा हिशेब होता. २३ सप्टेंबरला घेट्टो रिकामा होत असताना उरलेले लढवय्ये गटारातून निसटून रुडनिकीच्या जंगलात गेले.

गेन्सला गद्दार म्हणायचं की काय, यावर मी निकाल देत नाही. थोडे देऊन बाकीचे वाचवू, ही त्याची चाल होती. ती फसली आणि तोही मारला गेला. त्याच घेट्टोत हर्मान क्रुक ग्रंथालय चालवत होता, आणि डिसेंबर १९४२ मध्ये एक लाखावं पुस्तक वाचायला दिल्याचा समारंभ तिथे झाला. सुट्झकेव्हर, काचेर्गिन्स्की हे कवी जर्मनांसाठी ज्यू ग्रंथांची छाननी करायला रोज घेट्टोबाहेर जायचे आणि येताना अंगरख्याच्या आत दुर्मिळ हस्तलिखितं दडवून आणायचे. झडतीत सापडले असते तर मरण ठरलेलं. याच कामात मिळालेल्या सोव्हिएत लष्करी पुस्तिका वाचून एफपीओची पोरं सुरुंग करायला शिकली, म्हणजे पुस्तकं वाचवणं आणि सुरुंग पेरणं एकाच घरात चाललं होतं. पहिली जर्मन आगगाडी उडवायला गेली ती विटका केम्पनर ही तरुणी होती.

वॉर्साचा उठाव सगळ्यांना माहीत असतो, म्हणून त्यात फार वेळ घालवत नाही. त्याची वेळ तेवढी बघा. साधारण ३.४ चौरस किलोमीटरमध्ये ४ लाखांहून जास्त माणसं कोंडली होती. १९४२ च्या मध्यापर्यंत त्यातले ८० हजारांवर भूक आणि टायफसने मेले. जे जगले ते चोरट्या मालावर. घेट्टोत येणाऱ्या अन्नापैकी बहुतेक सगळं भिंतीखालच्या भोकांतून, ट्रॅममधून, रस्त्यावरच्या कोर्टाच्या इमारतीतून आत यायचं, आणि भोकातून सरपटणारी बरीचशी लहान पोरंच असायची. सात-आठ वर्षांचं पोर पावाची पिशवी घेऊन आत येतं, घर जगवतं, आणि एक दिवस पहारेकऱ्याच्या गोळीने भोकाशीच मरतं. याला प्रतिकार म्हणायचं नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने याच काळात गुपचूप एक दफ्तर जमवलं: पत्रकं, शाळेचे निबंध, रेशनकार्डं, भुकेवरचा वैद्यकीय अभ्यास. पत्र्याचे १० डबे आणि दुधाचे दोन मोठे कॅन जमिनीत पुरले. डबे १९४६ मध्ये सापडले, कॅन १९५० मध्ये. पानं सुमारे ३५ हजार. आपण वॉर्साबद्दल जे काही खात्रीने बोलतो, त्यातलं खूपसं याच पानांमुळे.

२२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत सुमारे २ लाख ६५ हजार लोक ट्रेब्लिंकाला नेले गेले. लढाऊ संघटना उभी राहिली ती या लोंढ्याच्या मध्येच, जुलैअखेर, आणि हाताशी जवळपास काही नव्हतं. घेट्टोत मग साधारण ५०-६० हजार उरले, त्यात तरुण बरेच, आणि बहुतेकांच्या घरचं कुणी राहिलं नव्हतं. ओलीस धरायला कुणी उरलं नाही, तेव्हा लढाई शक्य झाली. १८ जानेवारी १९४३ ला या संघटनेचा प्रमुख मोर्देखाई अनिएलेविच याची पोरं नेल्या जाणाऱ्या लोकांच्या रांगेतच शिरली आणि एकदम पिस्तुलं काढली. चार दिवसांत जर्मनांनी मोहीम थांबवली. कारणं इतरही असतील, पण घेट्टोने अर्थ लावला तो एकच, की गोळी चालवली तर ते थांबतात. मग लोकांनी तळघरं खोदायला घेतली, काहींत विहिरी, वीज, हवेसाठी नळ. १९ एप्रिलला, पासोव्हर सणाच्या आदल्या दिवशी, जर्मन शिरले तेव्हा सुमारे साडेसातशे लढणारे होते आणि तळघरांत हजारो साधी माणसं. मोहिमेचा प्रमुख जनरल स्ट्रूप याने अखेर घर न् घर पेटवत नेलं, कारण लपलेले बाहेर येईनात. शस्त्र हाती नसलेल्या माणसांनी एका जर्मन जनरलला चार आठवडे गुंतवून ठेवलं, हा भाग स्मारकांवर सहसा दिसत नाही.

आता जंगल. लढणं आणि वाचणं जिथे जरा तरी जुळलं, ते इथे. पश्चिम बेलारूसमधल्या नोव्होग्रुडेकजवळच्या खेड्यातले बिएल्स्की बंधू, तुव्हिया, आसाएल आणि झुश, हे शेतीवाडी आणि गिरणीच्या घरातले. झाडी पाठ, वाटा पाठ, शेतकरी ओळखीचे, बोली अस्सल. गनिमी काव्याला लागतं ते थोडंफार त्यांच्याकडेच होतं, शहरातल्या दुकानदार-शिक्षकाकडे नव्हतं. आईबाप डिसेंबर १९४१ च्या कत्तलीत गेल्यावर त्यांनी जंगल धरलं. तुव्हियाने मग लष्करीदृष्ट्या वेडेपणाचा वाटेल असा निर्णय घेतला: येईल त्याला घ्यायचं. म्हातारे, बायका, तान्ही पोरं, चष्मेवाले हिशेबनीस, सगळे. दहा जर्मन मारण्यापेक्षा एक म्हातारी ज्यू बाई वाचवलेली बरी, असं तो म्हणायचा. त्याच्याच तरुणांना ते रुचत नव्हतं. बंदूक आम्ही धरायची, रात्री जीव धोक्यात घालून धान्य आम्ही आणायचं आणि बसून खाणारे शंभर, ही कुरकुर शेवटपर्यंत चालली. झुश पुढे सोव्हिएत तुकडीबरोबर लढायला गेला. (पडद्यावर या भावांचं जे चकचकीत रूप दिसतं, त्यात ही कुरकुर पुरेशी येत नाही.)

धान्य कुठून येई, हेही सांगायला हवं. शेतकऱ्यांकडून, आणि पुष्कळदा बंदुकीच्या धाकाने. त्याच शेतकऱ्याला दिवसा जर्मन लुटत, रात्री सोव्हिएत पार्टिझान, पोलिश पार्टिझान आणि हे. तिथल्या गावांत या भावांबद्दल आजही कडवटपणा असेल तर मला नवल वाटणार नाही. फितुरी करून ज्यूंना पकडून देणाऱ्यांना बिएल्स्कींनी ठारही मारलं. त्याशिवाय तिथे टिकणं अशक्य होतं.

१९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनांनी नालिबोकीच्या जंगलाला मोठा वेढा घातला. शेकडो माणसं घेऊन तुव्हिया दलदलीतून चालत आतल्या बेटासारख्या कोरड्या जागेवर जाऊन बसला. काही झालं तरी गोळी चालवायची नाही. वेढा उठल्यावर जंगलात त्यांनी वस्तीच वसवली. जमिनीत अर्ध्या खणलेल्या झोपड्या, बेकरी, गिरणी, लोहारकाम, चामडं कमावण्याची जागा, शिंपी, घड्याळजी, न्हाणीघर, शाळा, दवाखाना. न्हाणीघर चैन नव्हती, टायफसच्या उवा मारायला ते लागत होतं. सोव्हिएत तुकड्यांना बुटांना टाचा, बंदुकांना दुरुस्ती, पाव-सॉसेज इथून मिळे. म्हणून ही बिनकामाची गर्दी मोडा म्हणणारे कमांडर गप्प बसले. १९४४ च्या उन्हाळ्यात जंगलातून १,२०० च्या वर माणसं जिवंत बाहेर आली.

त्यातली शंभराहून अधिक नोव्होग्रुडेकच्या श्रमछावणीतून भुयाराने आलेली होती. मे १९४३ च्या कत्तलीनंतर तिथे अडीचशेच्या आसपास कारागीर उरले होते. आधी बेत फाटकावर एकदम तुटून पडण्याचा होता. त्यात धडधाकट निसटले असते, बाकीचे मेले असते, म्हणून तो सोडून भुयार खणायला घेतलं. बराकीतल्या एका फळीखालून सुरुवात केली, एका वेळी एकच माणूस सरपटेल एवढंच. निघालेली माती लपवायची कुठे, हा खरा प्रश्न. ती पिशव्यांत भरून हातोहात माळ्यावर आणि दुहेरी भिंतींच्या पोकळीत गेली. सुतारांनी आधाराला फळ्या चोरल्या, माती ओढायला छोटी गाडी केली, वीजवाल्याने आत दिवे ओढले. बाहेरच्या शेतातल्या पिकाच्या आडोशाने तोंड काढायचं होतं. कापणी झाली आणि आडोसा गेला, म्हणून भुयार आणखी लांबवावं लागलं. शेवटी ते सुमारे २०० मीटर भरलं. २६ सप्टेंबर १९४३ च्या वादळी रात्री वीजवाल्याने सर्चलाइट बंद पाडले आणि रांग निघाली. बाहेरच्या काळोखात काहींना दिशा कळली नाही, ते उलटे छावणीकडेच धावले आणि पहाऱ्याच्या गोळ्यांना बळी पडले.

मिन्स्कचं एका वाक्यात: घेट्टोला भिंत नव्हती, काटेरी तार होती, जंगल जवळ होतं, बाहेरच्या बेलारूसी भूमिगतांशी सूत जुळलं, आणि हजारो माणसं पार्टिझानांकडे पोचली.

पश्चिम युरोपात गणित आणखी वेगळं. बेल्जियममध्ये १९ एप्रिल १९४३ ला, म्हणजे वॉर्साचा उठाव सुरू झाला त्याच दिवशी, युरा लिव्हशिट्झ या तरुण ज्यू डॉक्टरने दोन मित्रांसह ऑश्विट्झला निघालेली गाडी अडवली. सामान एवढंच: एक पिस्तूल, पकडी, आणि लाल कागद गुंडाळलेला कंदील. तो कंदील रुळांवर ठेवला, चालकाने सिग्नल समजून गाडी थांबवली. त्यांनी उघडलेल्या डब्यातून १७ जण सुटले. पण आतल्यांनीही कानशी-करवती लपवून आणल्या होत्या. १,६३१ पैकी दोनशेहून अधिक जणांनी त्या प्रवासात उड्या मारल्या. काही मेले, काही पुन्हा सापडले, शंभराच्या वर कायमचे निसटले. त्यांना लपवणारी घरं बेल्जियममध्ये मिळू शकत होती. शेजारच्या नेदरलँड्समध्ये सपाट प्रदेश, जंगल नाही, नोंदणीचं दफ्तर चोख आणि ओळखपत्र बनावट करायला महाकठीण. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. डच ज्यू बेल्जियममधल्या ज्यूंपेक्षा कमी धीट होते, असं कुणी म्हणणार असेल तर त्याने आधी दोन्ही देशांची नोंदणी दफ्तरं कशी चालत होती ते पाहावं.